वाचकांचे प्रश्न : डोंगरातल्या नद्यांचं पाणी वाढतंय की आटतंय?

मागच्या अंकात हिमनद्यांवर छोटा लेख आला होता, त्यात एक वाक्य होतं की डोंगरातून येणाऱ्या बऱ्याच नद्यांचं पाणी आधी वाढेल आणि मग घटेल. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम गाळलीत.

प्रश्न : ताई, जूनमध्ये हिमाचलात ट्रेकला गेलो होतो. गाईडने पहाटे साडेचारला उठवून नाला ओलांडायला लावला, म्हणाला दुपारी जमणार नाही. तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. दुपारी पलीकडच्या कॅम्पवरून बघितलं तर तोच नाला फुगलेला, आतून दगड गडगडल्याचा आवाज येतोय. पाऊस तर एक थेंब नव्हता. हे कसं काय?

गाईडचं ऐकलंत ते फार बरं केलंत. हिमनदीखालच्या नाल्याचं वेळापत्रक उन्हावर चालतं. सकाळी ऊन बर्फावर पडायला लागलं की वरचा थर ओला होतो, बारीक धारा सुटतात, त्या बर्फातल्या भेगांमधून खाली उतरून हिमनदीच्या तोंडातून बाहेर पडतात आणि तिथून तुमच्यापर्यंत यायला आणखी काही तास लागतात, म्हणून लोंढा येतो दुपारी तीन-चारपासून पार संध्याकाळपर्यंत. रात्री वर गोठलं की पुरवठा मंदावतो आणि पहाटे पाणी सगळ्यात कमी. रंगही बघितला असेल, राख कालवल्यासारखा. हिमनदी सरकताना खालचा खडक घासते, त्याचं ते पीठ. फडक्यातून गाळलं तरी जात नाही, बाटली रात्रभर उभी ठेवली तर तळाला राखाडी थर बसतो.

तुमच्या नाल्यातली खरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पाऊस नसताना आलेलं पाणी. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्यांना बर्फाचा आधार नाही, पाऊस कमी झाला की त्यांचं पाणी कमी, हिशेब सरळ आहे. हिमनदीच्या नदीचं उलटं असतं, जे वर्ष कोरडं आणि कडक उन्हाचं त्याच वर्षी वरून जास्त बर्फ वितळतो आणि खाली जेव्हा लोकांना पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते नेमकं तेव्हाच पाणी येतं. डोंगराचं हे देणं फार मोठं आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांत तेच हातातून सुटत चाललंय.

प्रश्न : मी अकरावीत आहे. एका ठिकाणी वाचलं की तापमान वाढल्यामुळे हिमनद्या वितळून पूर येणार, दुसऱ्या ठिकाणी वाचलं की नद्या आटणार. दोन्ही कसं खरं असेल?

दोन्ही खरं आहे, फक्त एकामागून एक. वहीत मांडून बघ. समजा एक हिमनदी १०० चौरस किलोमीटरची आहे आणि दर वर्षी पडणाऱ्या बर्फापेक्षा १ मीटर जाडीएवढं पाणी जास्त वितळतंय, म्हणजे १० कोटी घनमीटर, आपल्या भाषेत साडेतीन टीएमसी. आता ऊन वाढलं आणि हा वेग दीड मीटर झाला, पण तोवर हिमनदी आक्रसून ८० चौरस किलोमीटरच उरली. गुणाकार कर, १२ कोटी, म्हणजे पाणी वाढलं. आणखी काही दशकांनी वेग २ मीटर झाला पण हिमनदी उरली ४० चौरस किलोमीटर, मग ८ कोटी. ऊन वाढतच गेलं तरी पाणी घटलं, कारण वितळायला बर्फच शिल्लक नाही. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण चाल हीच असते. पाणी चढतं, एका टोकाला पोचतं आणि मग उतरतं. त्या टोकाला शास्त्रज्ञ 'पीक वॉटर' म्हणतात.

हे टोक सगळीकडे एकाच वेळी येत नाही. हिमनद्या छोट्या असतील तर लवकर, मोठ्या असतील तर उशिरा. २०१८ मध्ये जगभरातल्या हिमनद्या असलेल्या ५६ मोठ्या खोऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साधारण निम्म्या खोऱ्यांनी हे टोक आधीच ओलांडलंय असं दिसलं. पेरूच्या अँडीज पर्वतातल्या सांता नदीला मिळणाऱ्या बहुतेक उपनद्या उताराला लागल्यात, आणि त्याच सांताच्या पाण्यावर खाली समुद्राकाठच्या वाळवंटात कालवे काढून निर्यातीची शेती उभी राहिलीय. म्हणजे वर बर्फ कमी होत असताना खाली मागणी वाढत गेली. बोलिव्हियात ला पाझ शहराच्या वरची चाकालताया हिमनदी तर २००९ मध्ये पूर्ण संपली, पूर्वी तिच्यावर लोक स्कीइंग करायचे. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या फक्त दोन वर्षांत मिळून आपला दहावा हिस्सा गमावला. हिमालयातल्या मोठ्या नद्यांसाठी हे टोक शतकाच्या मध्याच्या आसपास येईल असा अंदाज आहे. तू आत्ता सोळा-सतराची असशील, म्हणजे तुझ्या चाळिशीत.

प्रश्न : २०३५ पर्यंत हिमालयातले सगळे ग्लेशियर संपणार असं संयुक्त राष्ट्रांच्या रिपोर्टमध्ये होतं ना? मग ते खोटं निघालं, तर बाकीच्यावर विश्वास का ठेवायचा?

होतं, आणि ते चूक होतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या २००७ च्या अहवालात तसं वाक्य गेलं, त्याला नीट आधार नव्हता, आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने स्वतःच ते चुकीचं असल्याचं जाहीर केलं. शेकडो मीटर जाडीचा बर्फ पंचवीस-तीस वर्षांत संपत नाही. पण त्यामुळे बाकीचं मोजमाप खोटं ठरत नाही. काठमांडूच्या इसिमोड या संस्थेचा २०१९ चा अहवाल सांगतो की जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या पर्वतांमधला साधारण एक तृतीयांश बर्फ या शतकाअखेर जाईल, आणि उत्सर्जन असंच चालू राहिलं तर दोन तृतीयांश. याच संस्थेचा २०२३ चा अहवाल म्हणतो की २०११ ते २०२० मध्ये बर्फ जायचा वेग त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्क्यांनी जास्त होता. मला विचाराल तर २०३५ ची भीती घालण्यापेक्षा हेच आकडे जास्त गंभीर आहेत.

प्रश्न : मग गंगा आटणार का, हो किंवा नाही सांगा. घरच्या ग्रुपवर रोज एक व्हिडिओ येतो.

नाही, बर्फ गेला म्हणून गंगा आटणार नाही. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण 'हिमालयातल्या नद्या' असं एका दमात म्हणतो तिथेच घोळ होतो.

वरच्या डोंगराळ भागातल्या पाण्याचा हिशेब काढला तर सिंधूत साधारण ४० टक्के पाणी हिमनद्यांचं आणि आणखी २० टक्क्यांच्या वर हंगामी बर्फाचं, म्हणजे हिवाळ्यात पडून उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचं, म्हणजे सिंधू खऱ्या अर्थाने बर्फावर जगते. गंगेत मात्र वरच्या भागातसुद्धा हिमनद्यांचा वाटा ११-१२ टक्के आणि पावसाचा जवळपास दोन तृतीयांश, खाली मैदानात आलं की बर्फाचा वाटा आणखी कमी होतो. ब्रह्मपुत्रेचंही साधारण गंगेसारखंच. कारण सरळ आहे, पूर्वेकडे मान्सूनचा जोर आणि पश्चिमेकडे काराकोरममध्ये हिवाळ्यात वेस्टर्न डिस्टर्बन्सने, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांनी, पडणारा बर्फ. त्यातही काराकोरमच्या बऱ्याच हिमनद्या गेली काही दशकं जवळपास स्थिर राहिल्यात, काही थोड्या वाढल्यासुद्धा, त्यामुळे एका हिमनदीचा फोटो बघून अख्ख्या पर्वतरांगेबद्दल मत बनवू नये. २०२० मध्ये जगातल्या ७८ पर्वतीय जलस्रोतांची तुलना झाली, त्यांच्यावर १९० कोटी लोक अवलंबून आहेत, आणि त्यात सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात धोक्यातला स्रोत निघाला तो सिंधूचा.

गंगेची काळजी वेगळ्या ठिकाणी आहे. एप्रिल-मेमध्ये मैदानातल्या गंगेत जे पाणी दिसतं त्यातला मोठा भाग जमिनीखालून झिरपून नदीत येतो. शेजारच्या शेतांमध्ये बोअर आणि ट्यूबवेलनी पाण्याची पातळी इतकी खाली गेली की काही पट्ट्यांत नदीला मिळणारी ही झिरप कमी झाली. म्हणजे उन्हाळ्यात गंगा बारीक दिसली तर आधी पंपाकडे बघा, मग गोमुखाकडे. मध्य आशियातल्या अरल समुद्राचं असंच झालं. पामीर आणि तियानशानमधून येणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी १९६० पासून कापसासाठी कालव्यांत वळवलं, जगातल्या सगळ्यात मोठ्या सरोवरांपैकी एक बघता बघता आटलं, आणि त्यात बर्फाचा काही दोष नव्हता. आता त्याच अमू दर्यावर अफगाणिस्तान २८५ किलोमीटरचा कोश तेपा कालवा खोदतंय, काम २०२२ मध्ये सुरू झालं. गरज त्यांचीही खरी आहे. पण वरच्या हिमनद्या घटत असताना नवा मोठा कालवा निघाला की खालच्या उझबेकिस्तान-तुर्कमेनिस्तानचं काय, हे कुणी बसून ठरवलेलं नाही.

प्रश्न : मला एक कळत नाही. वर्षाला पडायचं तेवढं पाणी पडतंच आहे, बर्फ म्हणून नाही पडलं, पाऊस म्हणून पडलं. नदीत शेवटी तेवढंच येणार ना? मग बिघडलं काय?

प्रश्न एकदम योग्य आहे, आणि मला वाटतं या सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. पाणी किती येतं यापेक्षा कधी येतं याला जास्त किंमत आहे.

डोंगरावरचा हंगामी बर्फ म्हणजे फुकटचं धरण. जानेवारीत पडलेलं पाणी तो तिथेच धरून ठेवतो आणि मे-जूनमध्ये हळूहळू सोडतो, भिंत नाही, गाळ साचत नाही, कुणाचं गाव बुडत नाही. हे धरण किती भरलंय ते मोजायची पद्धत अगदी साधी आहे. ॲल्युमिनियमची लांब नळी, खालच्या टोकाला करवतीसारखे दात. ती बर्फात उभी फिरवत फिरवत थेट जमिनीपर्यंत घालायची, बाहेर काढली की तळाला थोडी माती चिकटलेली दिसली पाहिजे, नाहीतर नळी जमिनीपर्यंत पोचलीच नाही, परत घाला. मग माती काढायची, बर्फासकट नळी काट्याला टांगायची आणि रिकाम्या नळीचं वजन वजा करायचं. उरलेल्या वजनावरून कळतं की हा सगळा बर्फ आत्ता वितळला तर किती उंचीचं पाणी होईल. नुसती बर्फाची जाडी फसवी असते, ताज्या भुसभुशीत बर्फाच्या १० सेंटीमीटरमध्ये जेमतेम १ सेंटीमीटर पाणी असतं आणि एप्रिलमधल्या दबलेल्या जुन्या बर्फात तेवढ्याच जाडीत ३ ते ५ सेंटीमीटर.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतावर हे मोजमाप दर हिवाळ्यात होतं, कारण राज्याच्या पाण्यातला साधारण ३० टक्के वाटा या बर्फाचा. १ एप्रिल २०१५ ला मोजणीच्या एका ठरलेल्या जागी, जिथे एरवी त्या तारखेला साडेपाच फूट बर्फ असतो, तिथे गव्हर्नर जेरी ब्राउन वाळक्या गवतावर उभे होते. नळी घालायला बर्फच नव्हता. राज्यभराचा आकडा होता सरासरीच्या ५ टक्के. त्याच दिवशी त्यांनी शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करायचा आदेश काढला.

आता तुमचा मुद्दा, पाऊस म्हणून पडलं तर काय. पडतं ना, पण ते जानेवारीत पडतं आणि जानेवारीतच वाहून येतं. तेव्हा शेताला गरज नसते, आणि धरणवाल्यांना तर पुरासाठी जागा मोकळी ठेवावीच लागते, त्यामुळे आलेलं पाणी त्यांना सोडून द्यावं लागतं, आणि मग जूनमध्ये वरून यायचं ते येतच नाही कारण वर काही साठलेलंच नाही. वर्षाची बेरीज केली तर आकडा तोच दिसेल. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९४८ पासूनच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की बर्फाच्या पाण्याचा हंगाम पुष्कळ नद्यांमध्ये १ ते ४ आठवडे आधी सरकलाय. पेरणीच्या, मोहोराच्या दिवसांत चार आठवडे म्हणजे काय ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही २०२५ च्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण २३ वर्षांतलं सगळ्यात कमी नोंदवलं गेलं.

प्रश्न : मी पाटबंधारे क्षेत्रात काम करतो. एका हिमालयीन नदीचे गेल्या २० वर्षांचे डिस्चार्ज बघतोय, आकडे हळूहळू वाढतायत. यावर प्रकल्पाची क्षमता धरली तर हरकत काय? आकडे तर खरे आहेत.

आकडे खरे असतील हो. हरकत ही की ते कोणत्या काळातले आहेत. तुमच्या नदीचं पाणी वर सांगितलेल्या चढावर असेल तर त्यातला काही भाग म्हणजे हिमनदी स्वतः संपत चालल्याचं पाणी आहे, मूळ ठेव मोडून खर्च भागवण्यासारखं, आणि ठेव मोडून आलेल्या पैशावर कुणी पन्नास वर्षांचं कर्ज काढत नाही. प्रकल्पाचं आयुष्य पन्नास ते शंभर वर्षं, म्हणजे त्यातली निम्मी वर्षं उताराची.

ही चूक जगात एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालीय, म्हणून कोलोराडो नदीची गोष्ट जरा सविस्तर सांगते. रॉकी पर्वताच्या बर्फावर वाहणारी नदी. १९२२ मध्ये सात राज्यांनी तिच्या पाण्याच्या वाटपाचा करार केला. त्याआधीची जी थोडी वर्षं मोजली होती त्यावरून वाटलं की नदीत वर्षाला १६ दशलक्ष एकर-फुटांच्या वर पाणी आहे, तर वरच्या राज्यांना साडेसात, खालच्या राज्यांना साडेसात. दशलक्ष एकर-फूट म्हणजे साधारण साडेत्रेचाळीस टीएमसी, हे लक्षात ठेवलं तर एकूण वाटप साडेसहाशे टीएमसीच्या आसपास. मग १९४४ मध्ये मेक्सिकोला आणखी दीड दशलक्ष द्यायचा करार झाला, म्हणजे वर ६५ टीएमसी.

पुढे शास्त्रज्ञांनी जुन्या झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजली. ओल्या वर्षी वर्तुळ जाड, कोरड्या वर्षी बारीक, त्यावरून कित्येक शतकांचा नदीचा अंदाज बांधता येतो. १९७६ मध्ये आलेला आकडा होता साधारण साडेतेरा दशलक्ष. करार ज्या वर्षांवर बेतला होता ती कित्येक शतकांतल्या सगळ्यात ओल्या काळांपैकी एका काळातली निघाली. कुणी खोटं मोजलं नव्हतं, मोजलेली वर्षंच वेगळी होती! २००० नंतर तर सरासरी साडेबाराच्या आसपास आलीय, म्हणजे ५४० टीएमसी, आणि कागदावर वाटलंय ७०० च्या वर. मधली तूट इतकी वर्षं लेक मीड आणि लेक पॉवेल या जलाशयांतून भरून काढली. ऑगस्ट २०२१ मध्ये लेक मीडवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं जितकं १९३० च्या दशकात जलाशय पहिल्यांदा भरला त्यानंतर कधीच गेलं नव्हतं. आणि हे फक्त कमी बर्फामुळे नाही बरं का. बर्फ लवकर गेला की काळी जमीन उघडी पडते, ती ऊन शोषते, बाष्पीभवन वाढतं, त्यामुळे तेवढाच बर्फ पडूनही नदीत कमी पाणी पोचतं. २०२० च्या एका अभ्यासात तापमान १ अंश वाढलं तर कोलोराडोचं पाणी ९ टक्क्यांच्या आसपास घटतं असं आलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की वीस वर्षांच्या सरासरीवर सही करू नका. पाण्यातला हिमनदीचा, हंगामी बर्फाचा, पावसाचा आणि झिरपीचा वाटा वेगळा काढा, हिमनदीचा जादा वाटा बाजूला ठेवा आणि उरलेल्यावर डिझाईन करा. वाढलेलं पाणी वापरू नका असं मी म्हणत नाही, वापरा, पण ते कुणाला कायमचं देऊन टाकू नका. एकदा कालवा निघाला, त्यावर बागा लागल्या, गावं वाढली की ते पाणी परत घेता येत नाही. १९६० च्या सिंधू कराराचंही बघा, तीन नद्या इकडे आणि तीन तिकडे अशी वाटणी झाली पण त्या नद्यांचं पाणीच बदललं तर काय हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने तो करार स्थगित केलाय. राजकारण बाजूला ठेवून सांगते, पुढे कधीही कागदावर नवीन काही लिहिलं गेलं तर त्यात बदलत्या प्रवाहाचं कलम असलंच पाहिजे.

प्रश्न : बर्फाचं धरण जातंय तर आपण काँक्रीटची धरणं बांधू. एवढं सोपं उत्तर असताना विरोध का होतो?

काही ठिकाणी साठवण लागेलच, त्याला माझा विरोध नाही. पण हिमनदी मागे हटते तेव्हा तिच्या पुढे दगडमातीच्या सैल बांधामागे तळं तयार होतं आणि ते वर्षानुवर्षं वाढत राहतं. सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक तळं असंच वाढत गेलं होतं. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ते फुटलं आणि खाली चुंगथांगला तिस्ता-३ प्रकल्पाचं ६० मीटर उंचीचं धरण काही मिनिटांत वाहून गेलं, १२०० मेगावॅटचा प्रकल्प, सुरू होऊन सहा-सात वर्षंच झाली होती. धरण फुटलं तेव्हा त्यातलं साठलेलं पाणीही त्या लोंढ्यात मिसळलं आणि खालच्या गावांवर गेलं. म्हणजे वरचं तळं, खालचं धरण आणि मधला इशारा देणारा माणूस हे तिन्ही एकाच योजनेत हवेत. तळ्याची पातळी आधीच उतरवायची सोय, सायरन, धरणाचे दरवाजे वेळेत उघडायची व्यवस्था. यांच्याशिवाय नुसती भिंत बांधली तर ती धोकाच वाढवते.

प्रश्न : उत्तराखंडात एका होमस्टेमध्ये राहिलो. तिथल्या काकू म्हणाल्या गावचा नौला आटला, आता टँकरची वाट बघतो. समोर नंदादेवीचं बर्फ दिसतंय आणि गावात पाणी नाही! ग्लेशियर वितळल्यामुळे का?

नाही. आणि तुम्ही हे विचारलंत म्हणून मनापासून आभार, कारण डोंगरातल्या पाण्याबद्दल बोलताना सगळ्यांच्या नजरा शिखरांवर असतात आणि मधल्या डोंगरांतली माणसं दिसतच नाहीत.

त्या गावाला समोरच्या बर्फाचं पाणी कधीच मिळत नव्हतं. ते पाणी शेकडो मीटर खाली दरीतल्या नदीतून जातं. गाव जगतं झऱ्यावर. पाऊस डोंगराच्या अंगात मुरतो, खडकाच्या फटींतून वाट काढत महिनोन्महिने फिरतो आणि कुठेतरी कुशीतून बाहेर येतो, त्याला दगडी चौकट बांधली की तो नौला, पन्हळीतून पडला की धारा. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात निम्म्याच्या आसपास बारमाही झरे आटल्याचं किंवा हंगामी झाल्याचं म्हटलंय. पाऊस कमी दिवसांत धो धो पडतो त्यामुळे मुरत नाही, रस्ते कापताना झऱ्याची शीरच तुटते, वरचं जंगल जातं, वर बोअर होतात, अशी कारणं एकात एक अडकलेली आहेत.

पण हे दुरुस्त करता येतं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सिक्कीममध्ये २००८ पासून धारा विकास नावाने काम सुरू झालं. आधी झरा नेमका कुठून भरतो ते शोधायचं. खडकाचे थर कोणत्या बाजूला कललेत ते पाहावं लागतं, कारण कधी कधी पाणी मुरायची जागा डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, दुसऱ्याच गावाच्या हद्दीत असते. ती सापडली की तिथे समपातळीत चर खणायचे, ढोरं चरणं थांबवायचं आणि दर महिन्याला झऱ्याखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवायचं. बादली आणि घड्याळ, एवढंच साहित्य. काकूंच्या गावात अजून कुणी ही वही ठेवत नसेल तर पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा सांगा त्यांना.

प्रश्न : लडाखचे आइस स्तूप बघितले. हेच सगळीकडे का करत नाहीत?

कारण ते लडाखच्या हवेसाठी आहेत. तिथे पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर, शेती सगळी वितळलेल्या पाण्यावर, आणि अडचण नेमकी एप्रिल-मेची. पेरणी करायची असते आणि वरच्या हिमनद्यांचं पाणी जूनशिवाय येत नाही. चेवांग नॉरफेल या निवृत्त इंजिनीअरांनी बघितलं की हिवाळ्यात पाणी वायाच जातं, म्हणून त्यांनी गावाजवळच्या सावलीच्या दरीत ते पसरवून गोठवायला सुरुवात केली. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी तेच पाणी पाइपने खाली आणून रात्रीच्या कडाक्यात हवेत उडवलं, त्याचा शंकू तयार होतो, उन्हाला पृष्ठभाग कमी मिळतो म्हणून जास्त दिवस टिकतो. फार सुंदर काम आहे, पण त्यामुळे नवीन पाणी तयार होत नाही, हिवाळ्याचं पाणी वसंतात मिळतं. मूळ नाल्याला पाणीच राहिलं नाही तर स्तूपही नाही. लडाखच्या गावांत याहून जुनी एक व्यवस्था आहे, पाण्याच्या पाळ्या ठरवणारा चुरपोन आणि रात्रीचं पाणी साठवणारी झिंग नावाची छोटी तळी. मला तर स्तूपाइतकाच तो चुरपोन महत्त्वाचा वाटतो, कारण कमी पाणी कुणाला आधी द्यायचं याचं उत्तर पाइपमध्ये नसतं.

प्रश्न : मी भूशास्त्रात बीएस्सी करतेय. या क्षेत्रात खरंच काम आहे का, की नुसते मॉडेल आणि उपग्रह?

भरपूर काम आहे, आणि सगळ्यात जास्त कमतरता आहे ती जागेवर जाऊन मोजणाऱ्यांची. कझाकस्तानात अल्माटीच्या वरची तुयुक्सू हिमनदी १९५७ पासून मोजतायत, आपल्याकडे हिमाचलच्या चंद्रा खोऱ्यातली छोटा शिग्री २००२ पासून. हजारो हिमनद्यांपैकी इतक्या सलग नोंदी असलेल्या अगदी मोजक्या. त्याच खोऱ्याच्या भागात स्पीतीला ४ हजार मीटरवर २०१६ मध्ये 'हिमांश' नावाचं संशोधन केंद्र सुरू झालं, तिथलं काम वाचत जा. एक अडचण आधीच सांगते, सिंधू-गंगा-ब्रह्मपुत्रा खोऱ्यांचे नदीप्रवाहाचे आकडे आपल्याकडे गोपनीय धरले जातात, परवानग्यांत वेळ जातो. हे बदलायला हवं असं मला ठामपणे वाटतं, ज्या नदीवर आपण जगतो तिचा हिशेब आपल्याला बघता आला पाहिजे.

आणि काम कसं असतं विचारशील तर वाफेच्या ड्रिलने बर्फात खोल भोक पाडायचं, त्यात बांबूची काठी उतरवायची, किती बाहेर राहिली ते लिहायचं. सप्टेंबरअखेर परत चढून जायचं, तीच काठी शोधायची आणि आता ती किती उघडी पडलीय ते टेपने मोजायचं. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे त्या जागी त्या उन्हाळ्यात गेलेला बर्फ. अशा वीस-पंचवीस काठ्या. जाशील तेव्हा वहीबरोबर पेन्सिल ने, पेनची शाई तिथे गोठते.